वाडीच्या दुधासाठी दोन गाड्यांतली एक निवडताना : जोर आणि भरवसा

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या इंजिनातला डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं हेच काम करतोय. इथं मांडलेलं प्रकरण माझ्या दोन भाच्यांचं आहे. माणसांची, वाडीची आणि गाड्यांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. थोरल्याला थोरला आणि धाकट्याला धाकटा एवढंच म्हणतो.

वाडी गगनबावडा तालुक्यात आहे. डांबरी रस्त्यालगतच्या गावातून आत वळलं की अडीच किलोमीटरचा चढ, उंचीत साधारण १८० मीटरचा फरक. पहिला टप्पा उखडलेल्या डांबराचा, मग खडी आणि शेवटी जांभ्याची लाल माती. मध्ये दोन आखडती वळणं. त्यातलं वरचं वळण सहा फुटाला एक फूट चढतं. या भागात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरातला माणूस ज्याला धो-धो म्हणतो, तो तिथं रोजचा पाऊस असतो. मिरगापासून गणपतीपर्यंत ती माती वाळत नाही.

वाडीवर बहुतेक घरांत म्हशी. भर हंगामात सकाळचे चौदा कॅन भरतात, संध्याकाळचे नऊ-दहा. ते कॅन खाली रस्त्यावर पोचवायचा ठेका थोरल्याकडे. रस्त्यावर दूध संघाची गाडी सकाळी पावणेसातला येते आणि दहा मिनिटं थांबते. ती चुकली की त्या वेळचं दूध संपलं. कारण धारेचं दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम असतं आणि ते चार अंशांवर येईपर्यंत त्यातले जंतू वाढतच राहतात. पावसाळ्यातल्या दमट हवेतसुद्धा तीन-चार तासांत आंबूस वास धरतो. शीतकेंद्रावर थोडं दूध परीक्षानळीत उकळून बघतात. गाठ धरली की कॅन परत. परत आलेला कॅन म्हणजे एखाद्या घराचा दिवसच गेला. ज्या घरात दोनच म्हशी आहेत, तिथं हा हिशोब फार जवळून कळतो.

अडचण

थोरला २०२१ पर्यंत एका ओळखीच्याची जुनी जीप भाड्यानं चालवत होता. त्या जुलैच्या महापुरात ती सलग पाच दिवस वाडीच्या पायथ्याला उभी राहिली. पुढं मालकानं ती विकून टाकली. २०२२ च्या मार्चमध्ये दूध संस्थेच्या चेअरमननी थोरल्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, ‘मिरगाच्या आत सोताची गाडी आण, न्हाय तर ठेका दुसऱ्याला द्याय लागतोय. वाडीवरची माणसं आमच्या दारात येऊन बसत्यात.’

पतसंस्थेचं कर्ज आणि घरातली शिल्लक मिळून नऊ-साडेनऊ लाखांपर्यंत ताण सोसणार होता. नव्या कोऱ्या फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा, विषय तिथंच मिटला. जुन्या बाजारात दोन गाड्या हाताशी आल्या आणि दोन भावांचं तिथंच फाटलं. थोरल्याला एक हवी, धाकट्याला दुसरी. धाकटा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, पगारदार, आणि कर्जाला जामीनही तोच राहणार होता. म्हणून त्याच्या म्हणण्याला वजन होतं. आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, मला फोन केला. ‘तू ये बाबा. ह्यांचं दोगांचं जेवताना बी तेच चालूय.’

समोरचे पर्याय

पहिली गाडी २०१२ सालची. साधा मेकॅनिकल पंप, ६०-६५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढं-मागं पाटे, हातानं टाकायचा फोर बाय फोरचा दांडा आणि त्यात लो गिअर. तळकोकणातल्या एका काजू व्यापाऱ्याकडची. मागितलेली किंमत तीन लाख साठ हजार.

दुसरी २०२० अखेरची, बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या ताब्यात, फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणारी पद्धत), टर्बो, १३० हॉर्सपॉवरच्या वर. फोर बाय फोर बटणावर, तिलाही लो गिअर, चाक फिरायला लागलं तर आपोआप आवरणारी यंत्रणा, उतारावर वेग धरून ठेवणारी सोय. कोल्हापुरातल्या एका बांधकाम ठेकेदाराची, चाळीस हजार किलोमीटर चाललेली, आतून स्वच्छ. किंमत नऊ लाख.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचाही विचार झाला. ट्रॅक्टर चढतो, पण दोन आखडत्या वळणांवर ओली ट्रॉली मागं ढकलते आणि ती उलटलेली त्या भागानं पाहिली आहे. तो पर्याय दहा मिनिटांत संपला. वाडीवरच दूध थंड करायची टाकी बसवायची कल्पना चेअरमनच्या मनात होती. मला आजही ती सगळ्यांत चांगली वाटते, कारण घड्याळाचा तगादाच जातो. पण त्या टाकीला भरवशाची थ्री फेज वीज लागते. वाडीवर ती नव्हती आणि जनरेटरचा खर्च संस्थेला झेपत नव्हता. तेव्हा प्रश्न दोन गाड्यांवरच येऊन थांबला.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं : ‘मामा, दुप्पट जोर हाय. आठ वर्षांनी नवी हाय. ती बंद पडंल का ही?’ थोरला कमी बोलतो. तो एवढंच म्हणाला, ‘ही मला कळत्या.’

जोराचा हिशोब

मी दोघांना वर्कशॉपच्या फळीवर खडूनं हिशोब मांडून दाखवला. तोच इथं देतो, कारण हॉर्सपॉवरच्या आकड्यानं पुष्कळ लोक फसतात.

भरलेली गाडी, ड्रायव्हर आणि क्लीनर धरून अडीच टन. सहाला एक चढ म्हणजे वजनाचा साधारण सहावा भाग गाडीला मागं ओढतो, सव्वाचारशे किलो. चिखलातून चाक फिरवायला वजनाचा दहावा भाग धरला, अडीचशे किलो. बेरीज पावणेसातशेच्या आत. एवढा ओढा ताशी दहा किलोमीटरनं रेटायला लागणारी ताकद काढली तर ती येते सुमारे २५ हॉर्सपॉवर. त्या वळणावर ताशी दहाच्या वर कुणी जाऊच शकत नाही. म्हणजे ६५ ची गाडी असो की १३० ची, दोघींकडे गरजेपेक्षा दुपटीहून जास्त आहे.

मग गाडी अडते कुठं? चाकाखाली. ओल्या जांभ्यावर टायरची पकड वजनाच्या चाळीस टक्के धरली, तर चारही चाकं ओढत असताना एक टनाचा ओढा मिळतो. लागतात पावणेसातशे किलो, म्हणजे काम झालं. फक्त मागची चाकं ओढत असली तर त्यांच्यावर वजन दीड टन आणि पकड सहाशे किलो. तेवढ्यावर गाडी चढत नाही, इंजिन कितीही मोठं असलं तरी. म्हणून फोर बाय फोर हवाच आणि म्हणून लो गिअर हवा : चाक हळू, सारख्या जोरानं फिरलं की पकड टिकते. एकदम जोर आला की चाक मातीवरचा साबणासारखा थर घासतं आणि तिथंच फिरत बसतं.

धाकट्यानं फळीकडं बघून विचारलं, ‘मग एवढा जोर देत्यात कशाला?’ हायवेला, भरल्या गाडीनं ताशी ऐंशीनं जायला. तिथं तो खरा उपयोगी आहे. आमच्या अडीच किलोमीटरला नाही.

भरवशाचा हिशोब

हा भाग जास्त अवघड होता. भरवसा हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो : गाडी किती वेळा बंद पडते, आणि पडली तर किती वेळ बंद राहते.

पहिल्या प्रश्नात दुसरी गाडी जिंकत होती, यात मला शंका नव्हती. दहा वर्षं जुन्या गाडीचं काही ना काही निघणारच. आम्ही अंदाज धरला : जुनी वर्षातून बारा वेळा अडेल, नवी दोनदा. पण जुनीच्या बारा अडचणींतल्या बहुतेक थोरला स्वतः किंवा गावातला मिस्त्री दोन-तीन तासांत सोडवेल. वर्षाकाठी छत्तीस तास. नवी दोनदाच अडेल, पण तिला कॉम्प्युटर लावून कोड वाचावा लागेल, भाग मागवावा लागेल आणि सर्व्हिस सेंटर पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात. दर वेळी चार दिवस धरले तरी आठ दिवस झाले. शिवाय जुलैत कुंभी फुगली की मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं आणि गगनबावडा कोल्हापूरपासून तुटतो. २०१९ ला तुटला, २०२१ ला तुटला, मधल्या साध्या पावसाळ्यांतही अधूनमधून तुटतो. तेव्हा टोचन लावून गाडी न्यायची म्हटली तरी रस्ता कुठला?

याशिवाय दोन गोष्टी माझ्या धंद्यातल्या. मेकॅनिकल पंपाची नोझल दोनशे बारच्या आसपास उघडते. कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे बारच्या वर जातो. त्या दाबाला टिकणारे भाग इतके चोख बसवलेले असतात की डिझेलमध्ये थोडं पाणी मिसळलं तरी खरवडतात. पावसाळ्यात वाडीवर डिझेल कॅनमधून जातं. दुसरं म्हणजे बीएस सिक्सची धूर गाळायची जाळी, डीपीएफ. तिच्यात साचलेली काजळी जाळायला सायलेन्सर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगानं वीस-पंचवीस मिनिटं सलग पळावी लागते. आमची गाडी रोज दोन खेपा, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. जाळी भरणार, दिवा लागणार, आणि दुर्लक्ष केलं तर इंजिन स्वतःचा जोर उतरवून घेणार.

धाकट्यानं यावर तोडगा काढला होता, तो चुकीचा नव्हता : ‘दर रविवारी मी कोल्हापूरवरनं येतोयच की. गाडी घेऊन जाईन, हायवेला पळवून आणीन.’ आठ महिने ते जमलं असतं. रस्ता बंद असतानाच्या आठवड्यांचं काय, यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं आणि त्यानं ते मान्य केलं.

इथं माझी एक बाजू उघड करायला हवी. मेकॅनिकल पंप ही माझी रोजीरोटी आहे. त्या पंपाचा आवाज मला माणसाच्या बोलण्यासारखा कळतो. त्यामुळं माझा कल आधीच पहिल्या गाडीकडं होता आणि भाच्यांनी कॉमन रेलचं काम करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीलाही विचारावं, असं मी तेव्हा सुचवायला हवं होतं. सुचवलं नाही.

चाचणी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव पडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही गाड्या वाडीच्या पायथ्याला आणल्या. मालकांना विनवण्या करून आणल्या. दुसरीचा मालक सोबत आला आणि दिवसभर छत्री धरून उभा राहिला. चौदा कॅन विहिरीच्या पाण्यानं भरले. कॅनचं वजन धरून सातशे किलोच्या आसपास भार.

थोरल्यानं पहिली काढली. पायथ्यालाच दांडा ओढून लो टाकला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम. गाडी माणसाच्या चालीनं वर गेली. वरच्या वळणावर एकदा मागचं डावं चाक अर्धा फेरा जागीच फिरलं, मग धरलं.

दुसरी धाकट्यानं चालवली. पहिलं वळण सहज. वरच्या वळणाच्या तोंडाशी टर्बोनं जोर दिला आणि गाडीनं ढुंगण फिरवलं. आवरणाऱ्या यंत्रणेनं जोर कापला, गाडी थांबली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. धाकट्याचा चेहरा उतरला. थोरला काही बोलला नाही, पण त्याच्या लेखी निकाल लागला होता.

मी खाली वाकून टायर बघितले. पहिलीला खोल खाचांचे चिखलाचे टायर होते. दुसरीला हायवेचे, गुळगुळीत, आणि हवा ३५. ही बरोबरीची लढत नव्हती. मी दुसरीची हवा चारही चाकांची वीसवर आणायला लावली आणि गाडी थोरल्याच्या हातात दिली. हवा कमी केली की टायर पसरतं, मातीवर जास्त जागा धरतं. थोरल्यानं पहिलीसारखीच हळू काढली आणि ती चढली. तक्रार न करता चढली. म्हणजे मघाचा फरक गाड्यांचा कमी आणि टायरचा, हवेचा, पायाचा जास्त होता.

वर पोचल्यावर एक आक्का शेणाची पाटी खाली ठेवून बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘कॅन भरून वर का आणलासा?’ मी म्हटलं, चाचणी घेतोय, भरल्या गाडीची. आक्का म्हणाल्या, ‘भरल्याली गाडी तर खाली जात्या की. वर येताना रिकामीच येत्या.’

आम्ही तिघांनीही मान हलवली. पेंडीच्या पोत्यांच्या दिवशी वर येतानाही भार असतो, असं थोरल्यानं त्यांना सांगितलं, आणि ते खरं होतं : आठवड्यातून दोनदा दहा-बारा पोती असतात. मग आम्ही कॅन रिकामे केले आणि रिकाम्या गाड्या खाली आणल्या. उतरताना भार ठेवायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. संबंध प्रकरणात मला सगळ्यांत जास्त टोचणारा क्षण हाच आहे.

निर्णय आणि केलेली कामं

पहिली गाडी घ्यायची ठरली. माझ्या दृष्टीनं निर्णायक गोष्ट एकच होती : मांडुकलीला पाणी असताना ती वाडीवरच्या माणसाच्या हातानं चालू होऊ शकते. धाकट्यानं होकार दिला, पण एक अट घालून. वाचलेले पैसे गाडीतच घालायचे आणि प्रत्येक बंद पडण्याची वहीत नोंद ठेवायची. त्याची ही अट नसती तर आज हे लिहायला माझ्याकडे काही नसतं.

मालकानं तीन लाख तीस हजारांवर सोडली. गाडी दहा दिवस उद्यमनगरात राहिली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, ते सारखं निघालं. नोझल उतरवून दाब लावले. पंप कॅलिब्रेट केला. क्लच प्लेट, पाण्याचा पंप, सगळे होज आणि बेल्ट नवे. डिझेलला दुसरा फिल्टर आणि पाणी वेगळं करणारी वाटी बसवली, जिच्या तळाचा स्क्रू ढिला केला की पाणी खाली पडतं. मागच्या शॅकलजवळ चेसीला खारा गंज लागला होता. किनाऱ्याकडची गाडी, ते अपेक्षितच. तो खरवडून पत्ती वेल्ड केली. पुढच्या शाफ्टचा क्रॉस बदलला. एक बुश बाजारात मिळेना, तो शेजारच्या लेथवर तासाभरात करून मिळाला. कोल्हापुरात जुनी गाडी सांभाळण्यातलं हे मोठं सुख. ब्रेकचे लायनर नवे टाकले. मागचे व्हील सिलिंडर मी उघडून बघितले, दाब धरत होते, म्हणून पुसून तेच परत बसवले.

सगळ्यांत जास्त वेळ मी थोरल्याला एअर काढायला शिकवण्यात घालवला. पाइपमध्ये हवा शिरली की पंप डिझेल ओढत नाही आणि गाडी मरून पडते. पावसाळ्यात फिल्टर बदलताना हे हमखास होतं. फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा. हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, पांढरा, फुसफुसत. घाई करून तिथंच बोल्ट आवळला तर पुन्हा तेच. फेस संपून डिझेलची अखंड, काचेसारखी धार आली की दाबत असतानाच आवळायचं. मी त्याला डोळे मिटून करायला लावलं, कारण पहाटे पाचला पावसात टॉर्च धरायलाही कुणी नसतं. तिसऱ्या दिवशी त्याला फक्त बोटाखालच्या दाबावरून हवा संपलेली कळायला लागली.

सीटखाली एक पत्र्याची पेटी ठेवली : बेल्ट, वरचा-खालचा होज, दोन फिल्टर, एक तपासलेली नोझल, तांब्याचे वॉशर, क्लचची केबल, पंक्चरचं सामान, हवेचा मीटर.

काय झालं

वहीप्रमाणे २०२२ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २४४ खेपा व्हायला हव्या होत्या. गाडी सात वेळा अडली. पाच वेळा थोरल्यानं जागेवर काढली, त्यातल्या तीन वेळा एअरच होती. एकदा झाड पडून रस्ता बंद झाला. एकूण तीन खेपा चुकल्या. चेअरमन खूश होते आणि वाडीही.

चुकलेल्या तीनपैकी एक त्या झाडामुळं. उरलेल्या दोन कशा चुकल्या, ते मात्र नीट सांगायला हवं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात थोरला सकाळी तेरा कॅन घेऊन उतरत होता. वरच्या वळणाच्या आधी ब्रेक दाबला आणि पेडल निम्म्याच्या खाली गेलं. मागच्या उजव्या व्हील सिलिंडरचं रबर फाटून ऑइल गळालं होतं. पुढचा ब्रेक थोडा लागत होता, पण अडीच टनाला तो पुरा पडेना. सवयीनं त्यानं गाडी लो गिअरवर घातलेली होती, त्यामुळं इंजिननं वेग बराचसा धरून ठेवला. त्यानं डावी चाकं डोंगराकडच्या गटारीत घातली आणि बांधाला घासत गाडी थांबवली. क्लीनरला खरचटलं. एका कॅनचं झाकण उडालं आणि चाळीस लिटर दूध लाल मातीतून खाली ओघळत गेलं. थोरला म्हणाला, ते बघत तो किती वेळ तसाच स्टिअरिंग धरून बसला, त्याला आठवत नाही. ती खेप कशीबशी डोक्यावरनं कॅन उतरवून वेळेत झाली. संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची चुकली.

सिलिंडर उघडला तर आत गंजाचे खड्डे होते. मी मे महिन्यात पुसून बसवलेला तोच. रबर दर दाबाला त्या खड्ड्यांवर घासत होतं. नव्या सिलिंडरला लागले असते थोडेच पैसे, आणि पैसे तर वाचलेलेच होते.

त्या रात्री मी फळीवर जो हिशोब मार्चमध्ये करायला हवा होता तो केला. अडीच टन वजन १८० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा सोडतं, तेवढ्यात चौदा लिटर थंड पाणी उकळेल. त्यातली काही चिखल आणि टायर खातात. बाकीची उष्णता ब्रेक आणि इंजिन यांनाच पचवावी लागते, दिवसातून दोनदा, ओल्या ड्रममध्ये. आक्कांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. आम्ही दोन महिने चढाच्या जोरावर वाद घातला, आणि गाडी रोज भरलेली असते ती उताराला. उताराच्या बाबतीत दुसरी गाडी उजवी होती : पुढं डिस्क, वेग धरून ठेवणारी सोय, कोरे सिलिंडर.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरी घ्यायला हवी होती, असं मला अजूनही वाटत नाही. २०२३ आणि २०२४ च्या वह्या बघितल्या तर रस्ता तुटलेल्या दिवसांत गाडी तीनदा अडली आणि तिन्ही वेळा वाडीवरच चालू झाली. पण आम्ही पहिली निवडली ती अर्धीच तपासून. चाचणी रोजच्या कामासारखी घ्यायला हवी होती : पेंडीची पोती घालून वर, भरलेले कॅन घालून खाली, सलग तीन-चार फेऱ्या, आणि खाली आल्यावर ड्रमला हात लावून बघायचा. टायर आणि हवा आधीच सारखी करायला हवी होती. मी खाली वाकलो नसतो तर धाकटा आयुष्यभर समजला असता की ती गाडी चढतच नाही.

घटनेनंतर चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल नवी घातली. आता मागचे ड्रम पावसाळ्यात दर महिन्याला उघडले जातात. वरच्या घराच्या उंबरापाशी लो टाकायचा आणि पायथ्याचं देऊळ येईपर्यंत काढायचा नाही, असा नियम थोरल्यानं स्वतः केला. बदली ड्रायव्हरलाही तो तोंडपाठ करायला लावला आहे. बदली ड्रायव्हरचाही विचार आम्ही निवडताना केला नव्हता. थोरला आजारी पडला की ‘ही मला कळत्या’ याचा उपयोग संपतो. पहिल्या वर्षी तो तापानं फणफणलेला असताना धाकट्याला रजा टाकून यावं लागलं होतं.

दुसरी गाडी नंतर शहरातल्या एका फळ व्यापाऱ्यानं घेतली. ती पुण्या-मुंबईच्या खेपा करते आणि कुरकुर नाही, असं तिच्या जुन्या मालकाकडून कळलं. तिला हवा तसा रस्ता मिळाला.

आमच्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतात. पुढच्या फिटनेसचा खर्च बघता तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडणार आहे. वाडीवर थ्री फेज आली तर टाकीचाही विषय निघेल. धाकट्यानं आतापासून वहीच्या मागच्या पानावर बघायच्या गोष्टी लिहायला घेतल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यानं ते पान मला दाखवलं. पहिल्या ओळीत हॉर्सपॉवर नाही. तिथं लिहिलंय : ‘भरून खाली. चार फेऱ्या. आक्कांना बोलवायचं.’